देन्सियाच्या हातची भवानी

देन्सियाच्या हाताला यश आहे, असं सगळं गाव म्हणायचं. बाजारात नवीन दुकान निघो, कुणी फाटकाशी चार भाज्या मांडून बसो, नाहीतर मासेवालीचा धंदा आठवडाभर मंदावलेला असो, भवानी करायला बोलावणं देन्सियाला यायचं. ती जायची, काहीतरी घ्यायची, आणि दुकानदार तिच्या हातची नोट सगळ्या मालावर टपटप आपटत फिरवायचा. मग दुपारपर्यंत त्याला मान वर करायला फुरसत मिळायची नाही. खरं-खोटं देव जाणे. पण ह्या हाताचा फेलीने जो उपयोग करून घेतला, तो आठवला की अजून डोकं तडकतं.

देन्सिया गावच्या प्राथमिक शाळेत तुरोन, म्हणजे केळ्याच्या तळलेल्या गोड वळकट्या, विकायची. शाळेच्या आवारात मागच्या बाजूला पत्र्याची लांबट शेड, तिथे खाण्याच्या वस्तूंचे चार ओटे, आणि त्यातला सगळ्यात कडेचा, सावलीतला ओटा तिचा. सोळा वर्षं. नवरा पोन्सो नारळाच्या झाडावरून पडला आणि त्याचा डावा पाय कायमचा आखडला, त्या वर्षी तिने तो ओटा घेतला होता. तेव्हापासून पोन्सो घरी बसून केळी सोलायचा आणि फणसाचे गरे उभे चिरायचा, आणि देन्सिया ते पारीत गुंडाळून शाळेत तळायची. पोटी मूल नाही, शेतीचा तुकडा नाही. दोघांचं पोट, पोन्सोची औषधं, घरावरचा पत्रा, सगळं त्या ओट्यावर उभं होतं.

मोठ्या सुट्टीची घंटा झाली की पोरं वर्गातून सुटायची ती थेट तिच्याकडे. कढईत तेल तापलेलं असायचं. तांबडी साखर ती तेलातच सोडायची. साखर वितळून वर तरंगायची आणि तळणाऱ्या वळकट्यांना जाऊन बिलगायची. झाऱ्याने उचलून जाळीवर ठेवलं की दोन मिनिटांत वरचा पाक काचेसारखा कडक. आत मऊ केळं, मध्येच फणसाचा वास. पोरं तोंड भाजून घ्यायची, हाय हुय करायची, पण थांबायची नाहीत. गाल चिकट, बोटं चिकट, वह्यांची पानं चिकट. गणिताच्या तासाला वह्यांवर मुंग्या येतात म्हणून शिक्षक तिच्या नावाने खडे फोडायचे आणि सुट्टीत तेच शिक्षक पोरांना बाजूला सारून आधी हात पुढे करायचे.

फेली त्याच शाळेत शिक्षिका. पोरांचं दूध, वजनं, जंताच्या गोळ्या, शेडमधले ओटे, हे सगळं तिच्याकडे. शाळेत लहानथोर तिला मॅडम म्हणत. एकटी देन्सिया तिला 'मारे' म्हणायची, आणि फेलीही तिला मारे म्हणायची. एकीच्या लेकराची दुसरी धर्ममाता झाली की हेच नातं होतं, मग एकमेकींचं नाव घ्यायचं नसतं. फेलीची मुलगी आर्लिन बाप्तिस्म्याच्या वेळी पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेली होती आणि तिला हातावर देन्सियाने धरलं होतं. त्याला सव्वीस वर्षं झाली. मूलबाळ नसलेल्या बाईला असं कुणी 'निनांग', म्हणजे धर्ममाता, म्हणून गळ्यात पडलं की तिचा जीव किती गुंतत असेल, हे फेलीला चांगलं ठाऊक होतं.

आर्लिन मनिलात एका मोठ्या दुकानात कामाला होती. मे महिन्यात तिची नोकरी गेली. नवरा आधीच गेला होता, म्हणजे जिवंत होता, पण गेला होता. पदरात दीड वर्षाचं पोर. ती जुलैच्या अखेरीला गावी परत येणार असं फेलीने देन्सियाला सांगितलं तेव्हा देन्सियाच्याच डोळ्यांत पाणी आलं. "येऊ दे पोरीला," ती म्हणाली, "आपण दोघी आहोत ना." फेलीने मान हलवली. तिच्या डोक्यात तेव्हाच काय शिजत होतं, हे तिचं तिला माहीत.

त्या वर्षी शाळेत बानायो मॅडम नव्या मुख्याध्यापिका म्हणून आल्या. जुलै म्हणजे पोषणाचा महिना. दरवर्षी वर्गावर्गात भाज्यांची चित्रं लागतात, पोरांना कागदी गाजरं-वांगी करून नाचवतात आणि ऑगस्टमध्ये सगळं विसरलं जातं. पण बानायो मॅडम विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी फर्मान काढलं की शेडमधल्या प्रत्येक पदार्थाचं कार्ड पाहिजे. त्यात काय आहे, किती आहे, कसं करतात, खाली करणाऱ्याची सही. कार्ड बघून पदार्थ हिरव्या यादीत जाणार, नाहीतर लाल यादीत. लाल म्हणजे शाळेबाहेर.

देन्सियाची झोप उडाली. आयुष्यात तिने कधी काही मोजून केलं नव्हतं. पण फेली म्हणाली, "मारे, मी असताना तू कशाला काळजी करतेस? मी येते काटा घेऊन."

आणि आली. शनिवारी दुपारी पोषण आहाराच्या खोलीतला छोटा काटा पिशवीत घालून ती देन्सियाच्या स्वयंपाकघरात बसली.

"हं, सांग. साखर किती?"

"घालते की मूठभर."

"मूठ लिहून चालत नाही, मारे. ग्रॅम लागतात."

"मग मुठीचंच वजन कर," असं म्हणून देन्सियाने आपला हातच काट्यावर ठेवला. "घे. ह्या हाताचंही लिही. पोषणाला चांगला आहे म्हणावं."

फेली हसता हसता वाकली. पोन्सो दारात केळी सोलत बसला होता, तो म्हणाला, "जिभेचं करू नका हं. काटा मोडेल."

मग दोघींनी नीट मोजलं. अर्धं केळं, अठ्ठेचाळीस ग्रॅम. फणसाच्या दोन पट्ट्या, सहा. एका तुरोनला लागलेली साखर, नऊ. देन्सिया साखरेत कलामान्सी लिंबाच्या हिरव्या सालीचा कीस टाकायची, चिमूटभर. तिच्या आईची ती रीत होती. ती चिमूट काट्यावर काही दाखवीचना. फेलीने कार्डावर लिहिलं: साल, चिमूटभर. लिहिता लिहिता ती समजावत होती, "साबा केळं म्हणजे काय वाटलं तुला? त्यात पोटॅशियम आहे, तंतू आहेत. पिठूळ असतं, पोट धरून ठेवतं. फणसात जीवनसत्त्वं. पोरं नुसतं सरबत पितात, त्यापेक्षा तुझा तुरोन कितीतरी बरा. तेल आणि साखर तेवढी बेतात पाहिजे."

देन्सियाचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "अगं, सोळा वर्षं मी हे विकतेय आणि मला कुणी सांगितलं नाही!" पुढचे चार दिवस ती गिऱ्हाइकाला पोटॅशियम ऐकवल्याशिवाय तुरोन देत नव्हती. पोन्सो घरात म्हणायचा, "पोटॅशियम सोलून झालं, आता गरे आण."

सगळं झाल्यावर फेलीने पेन खाली ठेवलं, परत उचललं. "तेल किती दिवस वापरतेस?"

"दोन. आजचं गाळून ठेवते आणि उद्या नव्यात पळीभर घालते. नुसत्या कोऱ्या तेलात तुरोनला रंग चढत नाही, आजारी माणसासारखा गोरा राहतो. तिसऱ्या दिवशी मात्र नाही. तिसऱ्या दिवशी फेकून देते."

"तसंच लिहू."

देन्सिया जरा थबकली. शेडमधल्या बाकीच्या तिघी चार-चार दिवस तेच तेल पुरवतात, हे दोघींना माहीत होतं. "लिहायलाच हवं का गं?"

"बानायो मॅडमना खोटं खपत नाही, मारे. खरं लिहिलेलं त्यांना आवडतं." फेलीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आणि पुढे मी आहे ना."

देन्सियाने सही केली. कार्ड वाचूनसुद्धा पाहिलं नाही. मारेने लिहिलेला कागद मारेसमोर वाचून बघायचा म्हणजे तिच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा. ते आमच्याकडे कुणी करत नाही. पोन्सोने फक्त फेली गेल्यावर विचारलं, "बाकीच्यांचीही कार्डं तीच लिहितेय का?"

"हो."

"त्यांनाही तेलाचं विचारलं का तिने?"

"तुझं आपलं काहीतरीच," देन्सिया म्हणाली आणि केळ्यांची सालं उचलायला लागली.

आठवड्याने चिठ्ठी आली. फेलीनेच आणून दिली, आणि देताना ती रडत होती. पदार्थ: तुरोन. वापरलेल्या तेलात तळलेला. लाल यादी. सोमवारपासून विक्री बंद. चारांतलं एकच कार्ड लाल झालं होतं. बाकी तिघींच्या कार्डांवर 'तेल रोज नवीन' असं लिहिलेलं होतं.

"मी भांडले गं," फेली नाक पुसत म्हणाली. "दोनदा जाऊन भांडले. पण त्या ऐकायला तयार नाहीत. पुढच्या वर्षी परत घालू कार्ड."

देन्सिया ती चिठ्ठी हातात धरून नुसती उभी राहिली. राग नक्की कुणाचा करावा हेच तिला कळेना. आपण खरं बोललो आणि त्या खऱ्यानेच आपल्याला शाळेबाहेर काढलं, असं तिला वाटलं. सोळा वर्षांत तिच्या तुरोनने एका पोराचं पोट दुखलं नव्हतं. ज्या पोरांची नाकं तिने आपल्या झग्याला पुसली, ती आता सोमवारी सुट्टीत दुसऱ्या ओट्यावर धावणार होती, आणि धावणारच, पोरं ती. आपल्याला सगळ्यांनी मिळून फसवलं, असं काहीतरी तिच्या मनात दाटून आलं. सगळ्यांत मात्र फेली नव्हती. फेली तर तिच्यासाठी रडत होती. देन्सियानेच पुढे होऊन फेलीची पाठ थोपटली. हे आठवलं की मला फेलीपेक्षा देन्सियाचाच राग येतो.

शनिवारी फेली नारळाच्या दुधातली चिकट तांदळाची वडी घेऊन परत आली. जरा इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "आर्लिन आज सकाळी आली. पोर आजारी आहे, म्हणून तुझ्याकडे यायला जमलं नाही. मारे, ती छोटासा धंदा टाकतेय. सोमवारपासून. भवानी निनांगच्या हातचीच पाहिजे म्हणून हट्ट धरून बसलीय."

चिठ्ठी आल्यापासून पहिल्यांदा देन्सिया हसली. "मग? दुसऱ्या कुणाच्या हातची घेईल का ती? कसला धंदा?"

"खाण्याचाच. काहीतरी तळणाचं."

"कुठे?"

फेली वडी कापत होती. "आधी तू माझ्याकडे ये शाळेत, सुट्टीच्या आधी. मग जाऊ दोघी."

देन्सिया उठली, चुलीवरची आपली कढई उतरवली आणि फेलीसमोर आणून ठेवली. जाड बिडाची, आतून काळी कुळकुळीत, सोळा वर्षं तळून तळून अशी झालेली की काही चिकटायचं नाही. तिच्यासोबत व्हिनेगरच्या रिकाम्या बाटलीत गाळून ठेवलेलं शेवटच्या दिवसाचं तेल. "ही आर्लिनला दे. मला आता कशाला? निनांगकडून म्हणावं. आणि ह्यातलं पळीभर नव्या तेलात घाल म्हणावं, रंग धरतो."

फेलीने कढईकडे पाहिलं. "नको गं मारे, इतकी मोठी..."

"तुला कोण देतंय? मी माझ्या लेकीला देतेय."

फेलीने दोन्ही उचललं. भाड्याच्या ट्रायसिकल रिक्षात बसताना तिने बाटली मांडीत धरली होती आणि मागे वळून पाहिलं नाही. पोन्सो म्हणाला, "जड असते ना कढई. आणि चेहरा बघितलास का तिचा? आपली कढई आणि तिचं तोंड, कोण जास्त काळं सांगता यायचं नाही."

"तुझ्या पायाबरोबर अक्कलही आखडलीय," देन्सिया म्हणाली. त्या दिवशी ती पोन्सोशी धड बोलली नाही.

सोमवारी तिने पिवळा फुलांचा झगा घातला, केस विंचरले आणि कपाटातून एक कोरी वीसची नोट काढली. भवानीला ती नेहमी कोरी नोट न्यायची. शाळेच्या फाटकावरच्या रखवालदाराने तिला पाहून टोपी काढली. शाळेत सगळेच तिला नानाय, म्हणजे आई, म्हणत. "नानाय, आज सामान नाही?"

"आज गिऱ्हाईक आहे मी," ती म्हणाली.

फेली वर्गाबाहेरच उभी होती. तिने देन्सियाचा हात धरला. दोघी चालायला लागल्या, पण फाटकाकडे नाही. शेडकडे.

"मारे," फेली म्हणाली, "तुला एक सांगायचं राहिलं."

"अगं, पण इकडे कुठे?"

"ऐक तर. पोरीला दुसरं काही मिळत नव्हतं. दीड वर्षाचं लेकरू आहे तिचं. ओटा रिकामाच राहणार होता, मग बाहेरच्या कुणाला तरी..."

पुढचं देन्सियाला ऐकू आलं नाही. शेड समोर आली होती. कडेच्या, सावलीतल्या ओट्यावर फुगे बांधले होते. ओट्यामागे आर्लिन उभी होती, पांढरा ॲप्रन बांधलेली, बारीक झालेली. तिच्यासमोर देन्सियाची कढई होती. कढईशेजारी व्हिनेगरची बाटली होती, आणि ती अर्धी झाली होती. जाळीवर तुरोन रचले होते.

"निनांग!" आर्लिन ओट्यामागून धावत आली, मोठ्यांना नमस्कार करतात तसा तिने देन्सियाचा उजवा हात उचलून आपल्या कपाळाला लावला आणि मग तिला मिठीच मारली. "किती उशीर! मी तुमच्याशिवाय कुणाला हात लावू दिला नाही. आणि कढई! मी रडले, खरंच. निनांग, तुम्ही इतकं करायला नको होतं. आई म्हणाली, तुमचे गुडघे आता उभं राहू देत नाहीत, तुम्ही स्वतःहून म्हणालात की ओटा आर्लिनला जाऊ दे, लेकीलाच गेल्यासारखं आहे. मी तुमचं हे कधी विसरणार नाही."

देन्सियाने फेलीकडे पाहिलं. फेली फुग्यांकडे बघत होती.

तेव्हा कुठे तिला सगळं दिसलं. काटा, गुडघ्यावर ठेवलेला हात, 'खरं लिहिलेलं त्यांना आवडतं', नाक पुसणं, वडी. एकेक गोष्ट जागच्या जागी बसत गेली. चीड येण्याआधी तिला लाज वाटली. स्वतःची लाज. सव्वीस वर्षं आपण हिला मारे म्हणत होतो आणि ही आपल्याला वापरत होती, आणि सबंध गावात हे न कळलेली आपण एकटी. पोन्सोला कळलं, आणि आपण त्यालाच वेड्यात काढलं. तिने ओट्याची कड धरली. कड ओळखीची होती. तिथला फुटलेला सिमेंटचा कोपरा तिनेच दोन वर्षांपूर्वी लिंपला होता.

ओट्याच्या खांबाला कार्ड लावलेलं होतं. हिरव्या रंगाची पट्टी. अक्षर फेलीचं, गोल गोल. केळं, अठ्ठेचाळीस ग्रॅम. फणस, दोन पट्ट्या, सहा. साखर, नऊ. कलामान्सीची साल, चिमूटभर. खाली पोटॅशियम, तंतू, जीवनसत्त्वं, सगळं ओळीने लिहिलेलं. आणि शेवटी: तेल रोज नवीन.

घंटा झाली. पोरांचा लोंढा आला आणि ओट्यापाशी येऊन थबकला, कारण समोर नानाय देन्सिया उभी होती आणि ओट्यामागे दुसरीच कुणी. त्यांच्या मागून बानायो मॅडम आल्या, बारीक चणीच्या, हातात छत्री.

"निनांग, घ्या ना," आर्लिन म्हणाली. पहिला दिवस, तिच्या स्वतःच्या धंद्याचा. "आधी तुम्ही."

भवानीला आलेल्या माणसाने पाठ फिरवली तर त्या धंद्याचं काही खरं नसतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. फेलीलाही माहीत होतं, आणि देन्सिया पाठ फिरवणार नाही हेही तिला माहीत होतं. त्या भरवशावर तर तिने तिला इथवर आणलं होतं. देन्सियाने मुठीतली नोट बघितली. ती घामाने भिजली होती.

तिने ती आर्लिनला दिली. आर्लिनने नोट कपाळाला लावली आणि एकेका तुरोनवर टपटप आपटत फिरवली, कढईच्या काठावर आपटली, कार्डावरही आपटली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. देन्सिया मनातल्या मनात म्हणाली, ह्या पोरीचं भलं होऊ दे. ते तिने मनापासून म्हटलं. मग कागदात गुंडाळलेला तुरोन तिने घेतला आणि सगळ्यांसमोर चावला. पाक कडक, केळं मऊ, सालीचा हलका कडवट वास. तिच्या आईचा वास.

"बरा झालाय ना, निनांग? रंग चढलाय ना?" आर्लिनने पुढे वाकून तिच्या कानाशी म्हटलं. "तुम्ही सांगितलं तसं बाटलीतलं तेल घातलं. नुसत्या नव्या तेलात खरंच गोरा राहतो हो."

फेलीने ते ऐकलं. तिचा चेहरा कागदासारखा झाला.

बानायो मॅडम जवळ आल्या. "देन्सियाबाई, तुम्ही आलात हे फार चांगलं केलंत. मला वाटलं होतं तुम्ही माझ्यावर रागावलेल्या असाल. सांगा बरं, तुमच्यासारख्या जाणकाराचं मत काय? तळण कसं आहे?"

एक शब्द पुरला असता. ओट्यावर बाटली उभी होती, नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. कार्ड लाल झालं असतं, फुगे उतरले असते. फेलीने दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले होते. आर्लिन मात्र हसत होती, शाबासकीची वाट बघत. तिला काहीच माहीत नव्हतं. ह्याच पोरीला पाद्रीने पाणी घातलं तेव्हा ती रडली नव्हती, देन्सियाच्या बोटाला धरून राहिली होती.

"चव चांगली आहे, मॅडम," देन्सिया म्हणाली. "केळं बरोबर पिकलेलं आहे. मेहनत केलीय पोरीने, तिला मी पूर्ण मार्क देते." ती थांबली. तिला खोटं बोलायचं नव्हतं. खोटं फेलीने बोलावं, ते तिला जमतं. "तळणाचं आणि तेलाचं मात्र मला विचारू नका. मी माझ्या कार्डावर खरं तेच लिहिलं होतं, त्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. हे कार्ड ज्यांनी लिहिलं, त्या इथेच उभ्या आहेत. त्यांना विचारा."

बानायो मॅडमनी कार्डाकडे पाहिलं. मग कढईकडे, मग बाटलीकडे. मग सावकाश फेलीकडे वळल्या. "हे अक्षर तर तुमचं आहे."

आर्लिन आईकडून निनांगकडे आणि निनांगकडून आईकडे बघत राहिली. तिचं हसू हळूहळू मावळलं. "आई," ती म्हणाली, "तू निनांगना विचारलं होतंस ना?"

देन्सिया निघाली. पोरांनी तिला वाट करून दिली. दोन-तिघांनी नेहमीच्या सवयीने तिचा हात कपाळाला लावला, आणि ते तिला सहन झालं नाही. ती पटपट चालायला लागली. गुडघे दुखत नव्हते. तिचे गुडघे कधीच दुखत नव्हते.

फाटकाशी पोहोचली तेव्हा मागून पावलं वाजली. फेली धावत आली होती, चप्पल एकाच पायात. पन्नाशीतली बाई, सगळ्या शाळेदेखत. "मारे! मारे, थांब. एकदा ऐकून घे. मी काय करणार होते? पोटची पोर आहे. तू माझ्या जागी असतीस तर..."

रखवालदार फाटक उघडून उभा होता. देन्सिया थांबली. उरलेल्या तुरोनचा कागद तिने नीट दुमडला आणि पिशवीत ठेवला, पोन्सोसाठी. ह्या बाईला आपण काय काय सांगितलं होतं, हे तिला आठवलं. पोन्सो पडला त्या दिवसाचं. मूल होणार नाही असं डॉक्टरने सांगितलं, त्या दिवसाचं. सालीच्या किसाचंसुद्धा. एवढं सगळं हिच्याकडे ठेवायला दिलं होतं, आणि आता ते परत मागायची काही सोय नव्हती. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं. पण ती फेलीसमोर रडणार नव्हती. रडणं फेलीचं होऊन गेलं होतं.

ती वळली. पोरांच्या आया शिक्षिकांशी बोलताना जशी मान थोडी खाली घालतात, तशी तिने घातली.

"काही काम होतं का, मॅडम?" तिने विचारलं.

मग देन्सियाने रखवालदाराला हात केला आणि ती फाटकाबाहेर पडली.